शेवटचा पत्रा

"हेमा, खरं सांग. माझं काय चुकतं गं?"

वहिनीनं हे विचारलं तेव्हा तिचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत तुपानं माखला होता. परातीत तूप फेसायला बसून तिला तास होऊन गेला होता. तळव्यानं घोटून घोटून तूप पांढरंशुभ्र झालं होतं, लोण्यापेक्षा हलकं. शेजारी पाण्याची वाटी होती. तिनं करंगळीवर तुपाचा थेंब घेऊन पाण्यात सोडला. तो बुडाला नाही, वर तरंगत राहिला.

"बघ, तरंगतोय. दरवर्षी तरंगतो. मग पुढं कुठं माशी शिंकते?"

"काही चुकत नाही, वहिनी," मी म्हणाले. "हात बसायला वेळ लागतो."

"सहा वर्षं?"

मी मान खाली घालून शर्टाची काजं करत राहिले. वसुबारसेची दुपार होती. पुढच्या खोलीत दादाचं मशीन घडघडत होतं. फलटणमध्ये आमचं शिंप्याचं दुकान, दिवाळीच्या तोंडावर दादाला जेवायलाही फुरसत नसायची. दुकानामागं दोन खोल्या, परसात न्हाणी, एवढं आमचं घर. त्यात आम्ही चौघं: आई, दादा, प्रमिला वहिनी आणि लग्न न ठरलेली मी.

आमच्या घरची नानकटाई आळीत प्रसिद्ध होती. माझे पणजोबा सुरतेला कोट शिवायला होते, तिथून ते ही कृती घेऊन आले असं सांगायचे. तेव्हापासून ती सुनेकडून सुनेकडं आली. लेकीला शिकवायची नाही, कारण लेक ती उचलून परक्या घरी नेणार, असा आमच्याकडचा हिशोब. मी लहानपणी त्यावरून पाय आपटून रडलेली आहे. आई म्हणायची, "तुझ्या सासरी तुला शिकवतील की काहीतरी."

वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवाळीत आईनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं. सहा वाट्या मैदा, वाटीभर बारीक रवा, चार वाट्या तूप, साडेतीन वाट्या पिठीसाखर, चिमूटभर सोडा, जायफळ. इतर बायकांपेक्षा तूप जास्त, तीच आमची खासियत. तूप कुठवर फेसायचं, पीठ किती वेळ ओल्या फडक्याखाली ठेवायचं, सगळं तीन-तीनदा वदवून घेतलं आणि म्हणाली, "आजपासून तुझं राज्य. मी परातीला हात लावणार नाही." आणि खरंच लावला नाही. वहिनीला त्याचं केवढं अप्रूप! "सासूबाईंनी हातचं काही राखलं नाही," असं ती माहेरी, म्हसवडला, सांगून आली होती.

पण वहिनीच्या नानकटाया कधी झाल्याच नाहीत. भट्टीतून यायच्या त्या पसरून चपट्या झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, कडेनं तपकिरी आणि मधे कच्च्या. अकलूजची गोदाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, दर दिवाळीला यायची. चारचौघांत एक नानकटाई उचलून मोडायची आणि म्हणायची, "सूनबाई, नानकटाई केलीस का धपाटं थापलंस?" सगळे हसायचे. पहिल्या वर्षी वहिनीही हसली होती.

यंदाची गोष्ट मात्र हसण्यावारी जाणारी नव्हती. सहा वर्षांत वहिनीला मूल झालं नव्हतं. आणि मला पाच जणांनी पोहे खाऊन नकार कळवला होता. रंग सावळा, दात पुढं. सहावं स्थळ गोदाआत्यानं आणलं होतं, तिच्या सासरच्या नात्यातलं. अरविंद, एस.टी.त कंट्रोलर. मुलाकडची मंडळी हो म्हणाली होती, पण साटंलोटं हवं म्हणून अडून बसली होती. अरविंदची बहीण सुशीला, तिचं ठरलेलं लग्न एकदा मोडलं होतं. ती आमच्या दादाला करायची, म्हणजे मी तिकडं जाणार. त्यासाठी वहिनीला आधी सोडचिठ्ठी द्यायची. आत्या धनत्रयोदशीच्या संध्याकाळी येऊन दादाकडून होकार घेऊनच परतणार होती. दादा दोन महिने टोलवत होता, "बघू, दिवाळी होऊ दे" म्हणत होता.

हे सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनीलाही. तिच्यासमोर कुणी बोलत नव्हतं एवढंच.

"मूल होणं माझ्या हातात नाही," वहिनी परातीत मैदा चाळत म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती. "पण ही माझ्या हातातली गोष्ट आहे की नाही? यंदा तरी आत्याबाईंसमोर नीट ताट ठेवता यावं. ह्यांना चारचौघांत माझी बाजू घ्यायला काहीतरी नको का? दरवर्षी मी असं करून ठेवते की ते मान वर करू शकत नाहीत."

मला तिची दया आली. आणि रागही आला. एवढ्याशा नानकटाईनं आपला संसार वाचेल असं समजणाऱ्या बाईला काय म्हणायचं? पण तसं ती समजत होती, आणि तिनं सोडा चिमटीत धरून दोनदा परत डब्यात टाकला आणि तिसऱ्यांदा मोजून घेतला.

"तू लहानपणी सासूबाईंबरोबर भट्टीवर जायचीस ना?" तिनं अचानक विचारलं. "त्या काही वेगळं करायच्या का?"

"मी तिथं खेळत असायचे, वहिनी. मला काय कळणार?"

आतून आईचा आवाज आला, "प्रमिला, पहाटे लवकर नंबर लाव हं. उशिरा गेलीस तर उभं राहायलासुद्धा जागा मिळायची नाही."

"हो, सासूबाई."

हुसेनमामाची भट्टी बाजारपेठेच्या मागं होती. एरवी तिथं पाव आणि खारी व्हायची, पण दिवाळीचा आठवडा बायकांचा. घरून पीठ भिजवून न्यायचं, भट्टीच्या ओट्यावर बसून नानकटाया वळायच्या, मामाच्या काळ्या पत्र्यांवर मांडायच्या. पत्र्याच्या कडेला खडूनं नंबर टाकला की तुमच्या पाळीला तो आत जायचा. आम्ही पाच वाजता पोचलो तेव्हा दोनच बायका आधी आल्या होत्या. वहिनीला तिसरा नंबर मिळाला. ती खूश झाली.

तिनं ओट्यावर फतकल मारली आणि गोळे करायला घेतले. तिच्या बोटांना सवय होती, सगळे गोळे एका मापाचे. अंगठ्यानं मधोमध दाबायचं, त्यात एक चारोळी. ती काही पुटपुटत होती. बहुतेक देवाचं.

दोन पत्रे भरल्यावर मी ते आत घेऊन गेले. हुसेनमामा भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. मूठभर पीठ त्यानं आतल्या फरशीवर भिरकावलं. ते बघता बघता काळं पडलं.

"आच चढी आहे अजून," तो म्हणाला. मग माझ्या हातातल्या पत्र्यांकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "बेटी, तुमच्या पिठात तूप जास्त. या आचेला ते पसरणारच. तुझ्या आईचा पत्रा मी कायम शेवटी लावायचो. दुपारी, सगळ्यांचं उरकल्यावर, आच उतरली की. तू तिथं पोत्यावर बसून खारीचा चुरा खायचीस. आठवतं ना?"

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं? आळीतल्या बायकांना वाटायचं, काजा-बटणांच्या कामापायी आई उशिरा येते. आई त्यांना तसंच सांगायची. मग रिकाम्या भट्टीवर शेवटचा पत्रा आत जायचा आणि अर्ध्या तासानं बाहेर यायचा तो पांढऱ्या, फुगलेल्या, माथ्यावर भेगाळलेल्या नानकटाया घेऊन. आमच्या घरची खरी कृती एवढीच होती. मापं कुणालाही देता आली असती. नंबर मात्र शेवटचा हवा.

"ठाऊक आहे, मामा."

"मग सांगून टाक की तिला. तुझ्या आईनं माझ्याकडून शब्द घेतलाय, सुनेला बोलायचं नाही म्हणून. घरातली गोष्ट आहे म्हणाली. सहा वर्षं मी त्या बाईचं पीठ खराब करतोय, मला बरं वाटत नाही. पण तू तर कुणाला शब्द दिलेला नाहीस."

मी वळून बघितलं. दारातून वहिनी दिसत होती. तिसऱ्या पत्र्यावर चारोळ्या लावत होती, एखादी तिरकी बसली तर काढून पुन्हा लावत होती. एका वाक्याचं काम होतं. वहिनी, दुपारपर्यंत थांबू या. बस.

आणि मला अरविंद आठवला. बघायला आला तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, "तुम्हाला वाचायला आवडतं का?" आधीच्या पाचांनी मला चालून दाखवायला सांगितलं होतं, सुईत दोरा ओवायला सांगितलं होतं. आवडतं का, असं कुणी विचारलं नव्हतं. मी एकवीस वर्षांची होते आणि मला ते घर हवं होतं. वहिनीचं ताट नीट झालं, दादाच्या तोंडून एक शब्द तिच्या बाजूनं निघाला, तर माझं सगळं मुसळ केरात.

"चालू द्या, मामा," मी म्हणाले. "आईनं सांगितलंय तसंच."

त्यानं माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग लांब दांड्याच्या फाळक्यावर पत्रा चढवला आणि आत सरकवला.

तिन्ही पत्रे भरल्यावर परातीत मूठभर पीठ उरलं होतं. वहिनी ते डब्यात भरायला लागली. हुसेनमामा घाम पुसत बाहेर आला.

"राहू द्या ते इथंच, प्रमिलाबाई. शेवटी कुणाच्या पत्र्यावर जागा झाली तर लावून देतो."

"एवढ्यासाठी कशाला, मामा?"

"राहू द्या," तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

आमच्या नानकटाया सात वाजता बाहेर आल्या. दरवर्षीसारख्याच. वहिनीनं पत्र्यावरून एकेक सोडवून डब्यात भरली. रडली नाही. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाली, "माझ्या हातालाच गुण नाही, हेमा."

दुपारी वहिनी नळावर गेल्याचं बघून मी आईला गाठलं. ती दिव्यांच्या वाती वळत होती.

"यंदा तरी सांगायचं होतंस गं तिला."

आईनं मान वर केली नाही. "मला कुणी सांगितलं होतं?"

"म्हणजे?"

"तुझ्या आजीनं अकरा वर्षं माझ्या हातात पहाटेचा नंबर दिला. अकरा दिवाळ्या. आणि वर चारचौघांत पदर तोंडाला लावून हसायची. तुझ्या वेळेला पोटुशी होते, पाय सुजले, पहाटे उठवेना. दुपारी गेले कशीबशी. त्या दिवशी जमली. घरी आणून ठेवल्या तर म्हातारी काय म्हणाली ठाऊक आहे? 'सापडलं म्हणायचं तुला.' तिलाही तिच्या सासूनं असंच तंगवलं असणार. तेव्हा कुठं सून घरची होते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर नाही." आईनं वात तबकात ठेवली. "आणि तू कुणाचा कैवार घेतेस? तुझ्यासाठी चाललंय हे सगळं. तोंड मिटून बस."

मी तोंड मिटून बसले. खरं सांगायचं तर आईनं सांगितलं म्हणून नाही. तिनं माझ्या मनातलंच बोलून दाखवलं होतं.

चारच्या सुमाराला हुसेनमामा परसातल्या दाराशी आला. हातात वर्तमानपत्राची पुडी. आई देवळात गेली होती. वहिनी भांडी घासत होती, ती हात पुसत उठली.

"तुमच्या उरलेल्या पिठाच्या," तो म्हणाला. "आच उतरल्यावर लावल्या. शेवटच्या पत्र्यावर." एवढं बोलून तो उभाही राहिला नाही.

मी खिडकीशी शर्टाला बटणं लावत होते. तिथून मला सगळं दिसलं. वहिनीनं पुडी सोडली. नऊ नानकटाया. पांढऱ्या, फुगलेल्या, माथ्यावर भेगा पडलेल्या. तिनं एकीच्या भेगेवरून बोट फिरवलं. मग एक उचलून मोडली, अर्धी तोंडात टाकली. तोंडात टाकली की विरघळायची ती, चावायचं काम नसायचं. वहिनी डोळे मिटून उभी होती. मग उरलेली अर्धीही तिनं खाल्ली, बोटं पदराला पुसली आणि पुडी पुन्हा होती तशी बांधली.

 आता ती ताट सजवणार, या आठ नानकटाया मधोमध ठेवणार, आत्यासमोर नेणार. आणि सांगणार, माझा हात बसलेला आहे, मला फसवत होतात तुम्ही. दादा मान वर करणार. मी सुई टोचून घेतली बोटात.

गोदाआत्या सहाच्या गाडीनं आली. दिवे लागले होते. दादानं मशीन बंद केलं, गळ्यातली टेप तशीच ठेवून तो आत येऊन भिंतीला टेकून बसला. आई पाटावर. वहिनी आतून ताट घेऊन आली आणि आत्यापुढं ठेवलं.

ताटात सकाळच्याच नानकटाया होत्या. चपट्या, कडेनं करपलेल्या.

माझा जीव भांड्यात पडला. हे लिहितानाही लाज वाटते, पण पडला.

आत्यानं एक उचलली, मोडली, अर्धी परत ताटात टाकली. यंदा तिनं थट्टा केली नाही. "यशवंता," ती दादाला म्हणाली, "सहा वर्सात हात बसंना, कूस उजवंना. आनखी किती वाट बघायची रं? म्या त्या मान्सास्नी काय सांगू?"

दादा वहिनीकडं बघत होता. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तो तिच्या तोंडून काहीतरी निघण्याची वाट बघतोय असं मला वाटलं. तिनं एक शब्द काढला असता तर त्याला धीर आला असता, तो माणूसच तसा होता. दुसऱ्यानं सुरुवात करून दिली की मागून चालणारा.

वहिनी पुढं झाली. ताट उचलून आत गेली.

"उद्या सांगतो, आत्या," दादा म्हणाला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीत बंब पेटला होता. आमच्याकडं अंगाला तेल-उटणं वहिनी लावायची. पाच वर्षं तिनंच मला लावलेलं, लहान बहिणीसारखं, गुदगुल्या करत. त्या दिवशी मी पाटावर पाठमोरी बसले. तिनं कोमट तेल पाठीवर ओतलं आणि चोळायला लागली. तेच हात, तळव्यानं तूप फेसणारे.

"तुला ठाऊक होतं ना, हेमा?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा.

मी गुडघे जवळ ओढून घेतले.

"काल मामा येऊन गेले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मग एकेक आठवायला लागलं. पहाटे लवकर जा. उशिरा गेलीस तर जागा नाही. दरवर्षी. परवा मी तुला विचारलं, तेव्हाही तू म्हणालीस, हात बसायला वेळ लागतो."

"वहिनी..."

"माझा हात पहिल्या वर्षीच बसला होता गं. मला तो बसलेला असून सहा वर्षं लाज वाटत राहिली." ती खांद्यावर उटणं चोळत होती, ना जोरात ना हळू. "सासूबाईंचं मी समजू शकते. सासू आहेत. पण तू माझ्याजवळ बसून काजं करत होतीस."

"मग काल ताटात का नाही ठेवल्यास त्या?" मी विचारलं. मला रडू फुटलं होतं. "सगळ्यांना दाखवायच्या होत्यास."

"कुणाला दाखवू? ज्यांना आधीच ठाऊक होतं त्यांना?"

बंबाखालचं लाकूड चटचटत होतं. तिनं तांब्या भरून घेतला, पण पाणी ओतलं नाही. तांब्या हातात धरून थांबली.

"एकच सांग. यांना ठाऊक होतं का?"

दादाला ठाऊक नव्हतं. त्याला नानकटाईतलं ओ की ठो कळत नव्हतं, भट्टीवर तो जन्मात गेला नव्हता. वाईट झाली की तो त्यातल्याच दोन जास्त खायचा, म्हणजे डब्यात कमी दिसाव्यात. नाही, वहिनी, दादाला खरंच माहीत नाही. एवढंच म्हणायचं होतं. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, तिला माझी नुसती पाठ दिसत होती, आणि पाठीला बोलावं लागत नाही.

मी मान थोडी खाली घातली.

 मग तिनं पाणी ओतलं. कोमट, बेताचं, डोळ्यांत उटणं जाऊ नये म्हणून कपाळाला आडवा हात धरून.

फटाके वाजायच्या आत वहिनीनं माहेरची साडी नेसून पिशवी भरली. आईला नमस्कार केला, आत्याला केला. दादा दुकानाची फळी काढत होता. "मी म्हसवडला जाते," ती म्हणाली. "कागद पाठवा, मी सही करीन."

"अगं, भाऊबीजेला तुझा भाऊ येणारच आहे, तोवर तरी..." दादा म्हणाला. फळी हातात घेऊन तो वेड्यासारखा उभा होता. वहिनीनं त्याच्याकडं बघितलं नाही. रांगोळीला वळसा घालून ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली.

माझ्या शिवणाच्या डब्यात ती पुडी ठेवून गेली होती. आठ नानकटाया. मी न्हाणीमागं उभं राहून त्या एकामागून एक खाल्ल्या. दादाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून. चव मला आठवत नाही.

वर्षभरात कागद झाले आणि पुढच्या मार्गशीर्षात एकाच मांडवात दोन लग्नं लागली. अरविंद चांगला नवरा निघाला. सुशीला वहिनीही चांगली होती, तिला दोन मुलगे झाले. तिला आईनं पहाटेचा नंबर लावायला सांगितला, तेव्हा मी पहिल्याच पत्रात तिला लिहून कळवलं की दुपारी जा. एवढं सोपं होतं ते. प्रमिला वहिनी म्हसवडला बालवाडीत शिकवत होती असं ऐकलं. तिनं पुन्हा लग्न केलं नाही.

गेल्या दिवाळीत दादा माझ्याकडं अकलूजला आला होता. सुशीला वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, आता तो शहात्तरचा आहे. काठी लागते. माझ्या सुनेनं घरच्या ओव्हनमध्ये नानकटाया केल्या होत्या. तिला मी सगळं सांगितलंय, मापं नंतर, आधी आच. तिनं दादापुढं बशी ठेवली. पांढऱ्या, भेगाळलेल्या, माथ्यावर चारोळी.

दादानं एक हातात घेतली आणि नुसता फिरवत बसला. सून चहा आणायला आत गेली.

"प्रमिलाच्या कधी अशा झाल्या नाहीत, नाही का?" तो म्हणाला. पंचेचाळीस वर्षांत तिचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "बिचारी मर मर मरायची. मी आत्याला नाहीच म्हणणार होतो गं. सकाळी सांगतो म्हणालो होतो ना? रात्रभर जुळवलं होतं, कसं बोलायचं ते. आणि सकाळी ती पिशवी घेऊन उभी. जाताना माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं." त्यानं नानकटाई मोडली. चुरा धोतरावर सांडला. "मी काय केलं होतं, हेमा? तुला काही बोलली होती का ती?"

तो माझ्याकडं बघत होता. या वेळी मी पाठमोरी नव्हते.

बशी मी त्याच्यापुढं सरकवली.

"अजून एक घे, दादा," मी म्हणाले.